चित्रांचे वाचन आणि माधुरी पुरंदरे



शाळेच्या ग्रंथालयासाठी नवीन पुस्तके आली की पालकांकडून एक प्रश्न हमखास येतो. "सर, पहिली-दुसरीच्या मुलांना ही चित्रांची पुस्तके कशाला? एका पानावर दोन ओळी आणि बाकी सगळे चित्र. यात वाचायला आहे तरी काय? त्यापेक्षा शुद्धलेखनाच्या वह्या घेतल्या असत्या तर बरे झाले असते." प्रश्न तळमळीने विचारलेला असतो. घाम गाळून मिळवलेला पैसा मुलाच्या शिक्षणासाठी खर्च होतो, तेव्हा तो कुठे जातो हे विचारण्याचा पालकांना पूर्ण अधिकार आहे.

या प्रश्नाचे उत्तर तत्त्वज्ञान सांगून देण्यापेक्षा एका व्यक्तीच्या कार्याची ओळख करून देऊन द्यावे असे मला वाटले. ती व्यक्ती म्हणजे मराठीतील लेखिका आणि चित्रकार माधुरी पुरंदरे. मुलांसाठी स्वतः गोष्टी लिहायच्या आणि त्यांची चित्रेही स्वतःच काढायची, असे काम मराठीत मोजक्याच लोकांनी केले आहे. त्यांत त्यांचे नाव फार आदराने घेतले जाते.

घर आणि शिक्षण

माधुरीताईंचा जन्म १९५२ सालचा. वडील म्हणजे शिवशाहीर बाबासाहेब पुरंदरे. 'जाणता राजा' हे महानाट्य गोव्यातीलही पुष्कळ लोकांना ठाऊक आहे, त्यामुळे त्यांची वेगळी ओळख करून देण्याची गरज नाही. आई निर्मलाताई पुरंदरे. निर्मलाताईंनी १९८१ मध्ये 'वनस्थळी' ही संस्था सुरू केली. खेड्यापाड्यांतील स्त्रियांना प्रशिक्षण देऊन त्यांच्याकडून बालवाड्या चालवून घ्यायच्या, हे या संस्थेचे मुख्य काम. 'माणूस' साप्ताहिकाचे संपादक श्री. ग. माजगावकर हे निर्मलाताईंचे बंधू, म्हणजे माधुरीताईंचे मामा. घरात एका बाजूला इतिहासाची कागदपत्रे, दुसऱ्या बाजूला छापखान्याची शाई आणि तिसऱ्या बाजूला गावातील लहान मुले, असे ते वातावरण होते.

माधुरीताईंनी चित्रकलेचे रीतसर शिक्षण मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये घेतले. पुढील अध्ययनासाठी त्या फ्रान्सला गेल्या. परत आल्यावर पुण्यात त्यांनी फ्रेंच भाषा शिकवली. रंगभूमीवरही त्यांनी काम केले. पु. ल. देशपांडे यांनी रूपांतरित केलेले आणि जब्बार पटेल यांनी दिग्दर्शित केलेले 'तीन पैशाचा तमाशा' हे नाटक १९७८ साली थिएटर अकादमीने रंगमंचावर आणले. त्यात त्यांनी भूमिका केली होती. गायिका म्हणूनही जाणकार त्यांना ओळखतात.

मोठ्या वाचकांना त्यांचे नाव प्रथम परिचित झाले ते चित्रकारांवरील पुस्तकांमुळे. पिकासो या जगप्रसिद्ध चित्रकाराचे चरित्र त्यांनी मराठीत लिहिले. व्हॅन गॉगच्या जीवनावरील आयर्विंग स्टोन यांच्या 'लस्ट फॉर लाइफ' या कादंबरीचा अनुवादही त्यांनी केला. म्हणजे मुलांच्या पुस्तकांकडे वळताना त्यांच्या हाताशी चार गोष्टी होत्या : चित्रकाराची नजर, नटाचे भान, अनुवादकाची शब्दांविषयीची काटेकोर वृत्ती आणि शिक्षकाचा संयम. लहान मुलांचे पुस्तक म्हणजे सोपे काम, कुणीही उठावे आणि करावे, असा समज आपल्याकडे आहे. माधुरीताईंची ही वाटचाल पाहिली की दोन ओळींच्या पानामागे किती वर्षांची तयारी असते ते लक्षात येते.

त्यांची पुस्तके

लहान मुलांसाठीची त्यांची बहुतेक पुस्तके पुण्याच्या ज्योत्स्ना प्रकाशनाने काढली आहेत. 'राधाचं घर' या संचात राधा नावाची छोटी मुलगी आणि तिच्या घरातील माणसे आहेत. 'यश' या संचात यश नावाच्या मुलाच्या गोष्टी आहेत. त्यांतील काही पुस्तकांची नावे पाहा : 'पाहुणी', 'मामाच्या गावाला', 'हात मोडला', 'मोठी शाळा'. नावांवरूनच विषय कळतो. राजा नाही, राक्षस नाही, परी नाही. घरी पाहुणी येणे, हात मोडणे, बालवाडी सुटून मोठ्या शाळेत जाण्याची वेळ येणे, हे सगळे आपल्या पार्से गावातील कोणत्याही घरात घडते.

मोठ्यांना या घटना किरकोळ वाटतात. पाच वर्षांच्या मुलाला मात्र मोठ्या शाळेचा पहिला दिवस म्हणजे केवढे संकट असते, हे पहिलीच्या वर्गाच्या दारात जून महिन्यात उभ्या असलेल्या प्रत्येक आईला ठाऊक आहे. माधुरीताईंच्या गोष्टीत अशा मुलाला कोणी उपदेश करीत नाही. "शहाणा मुलगा रडत नाही" असे तात्पर्य शेवटी येत नाही. आपल्या मनात जे चालले आहे ते पुस्तकातल्या मुलाच्याही मनात चालले आहे, एवढे वाचणाऱ्या मुलाला दिसते आणि त्याला धीर येतो.

चित्रेही तशीच. मोकळी रेषा, सौम्य रंग आणि आपली वाटतील अशी माणसे. आजी आजीसारखी बसते, मूल मुलासारखे लोळते. घर आवरलेले असते तसे पसरलेलेही असते. मासिकाच्या मुखपृष्ठावर शोभतील असे गुबगुबीत, गुलाबी गालांचे मूल तिथे नाही. आपल्या घरातील मूल तिथे आहे.

मुलांना वाचनाची गोडी लागावी म्हणून त्यांनी 'वाचू आनंदे' हे चार भागांचे संकलन केले. दोन भाग बालगटासाठी आणि दोन कुमारगटासाठी. नंदिता वागळे यांचे त्यात साहाय्य होते. मराठीतील चांगल्या लेखक-कवींचे निवडक साहित्य आणि त्याच्या जोडीला चित्रकलेचे उत्तम नमुने, अशी त्याची मांडणी आहे. भाषेचा पाया पक्का व्हावा म्हणून 'लिहावे नेटके' ही पुस्तके त्यांनी तयार केली. ज्या पालकांना शुद्धलेखनाची काळजी आहे त्यांनी ती अवश्य पाहावीत. आणि 'चित्रवाचन' या पुस्तकाच्या तर नावातच त्यांचा सगळा विचार आला आहे. चित्रावर नजर टाकून पान उलटले की झाले, असे नाही. अक्षरासारखेच तेही सावकाश वाचावे लागते.

पुरस्कार

साहित्य अकादमीने २०१० पासून बालसाहित्यासाठी स्वतंत्र पुरस्कार सुरू केला. २०१४ साली मराठीसाठी तो माधुरी पुरंदरे यांना त्यांच्या एकूण योगदानाबद्दल मिळाला. २०१६ मध्ये टाटा ट्रस्टच्या 'पराग' उपक्रमाने 'बिग लिटल बुक अवॉर्ड' सुरू केला. त्यात एक पुरस्कार भारतीय भाषेतील लेखकाला आणि एक चित्रकाराला दिला जातो. पहिल्याच वर्षी लेखनासाठी मराठी भाषेची निवड झाली आणि तो मान माधुरीताईंना मिळाला. चित्रकाराचा पुरस्कार अतनु रॉय यांना मिळाला.

यात एक गंमत आहे. माधुरीताई चित्रकार असूनही त्यांना गौरवले गेले ते लेखिका म्हणून. पण त्यांच्या पुस्तकातून चित्र काढून टाका, गोष्ट अपुरी राहते. शब्द काढून टाका, चित्र अपुरे राहते. पुरस्काराला रकाने लागतात, पुस्तकाला ते लागत नाहीत.

जगातही बालपुस्तकांतील चित्रांना उशिराच मान मिळाला. बालसाहित्यातील सर्वोच्च समजला जाणारा हान्स ख्रिश्चन अँडरसन पुरस्कार १९५६ पासून लेखकांना दिला जातो. चित्रकारांसाठी तो सुरू झाला १९६६ साली, म्हणजे दहा वर्षांनी. चित्र म्हणजे शब्दांची सजावट हा समज सगळीकडेच होता आणि तो हळूहळू मागे पडला.

चित्रपुस्तक तयार कसे होते

मुलांना हा भाग आवडेल. छापखान्यात मोठ्या कागदावर एका वेळी अनेक पाने छापतात आणि मग त्या कागदाला घड्या घालून पाने करतात. म्हणून चित्रपुस्तकाची पाने बहुधा १६, २४ किंवा ३२ अशी असतात. तेवढ्याच पानांत गोष्ट बसवायची असते. चित्रकार आधी एक कच्ची, छोटी प्रत तयार करतो. कोणत्या पानावर काय येईल, कोणते चित्र दोन पानांवर पसरेल, कुठे पान रिकामे ठेवायचे, हे त्यात ठरते.

सर्वांत महत्त्वाची जागा म्हणजे पान उलटण्याची. दार वाजले, इथे उजवे पान संपते. कोण आले, ते पान उलटल्यावर दिसते. दशावतारात पडद्याआडून पात्र येण्याआधी संगीत वाजते आणि आपण मान उंचावून बसतो, तसाच हा प्रकार.

दुसरी खुबी म्हणजे शब्दांनी सगळे सांगायचे नाही. "यशला राग आला" असे लिहिले आणि चित्रातही रागावलेले तोंड काढले, तर एकच गोष्ट दोनदा सांगितली गेली. त्याऐवजी वाक्यात "यश काही बोलला नाही" एवढेच असेल आणि चित्रात तो पाठ फिरवून कोपऱ्यात बसलेला असेल, तर राग कोणी ओळखायचा? वाचणाऱ्या मुलाने. (हे उदाहरण समजावण्यासाठी मी केलेले आहे, पुस्तकातील नाही.) मूल जेव्हा असा राग स्वतः ओळखते तेव्हा ते अर्थ लावायला शिकते. पुढे आठवी-नववीत धड्याखालील प्रश्नांची उत्तरे स्वतःच्या शब्दांत लिहायची असतात. त्या कौशल्याची सुरुवात इथे होते. लेखक आणि चित्रकार एकच असला की किती शब्दांवर सोडायचे आणि किती चित्रावर, याचा तोल चांगला साधतो. माधुरीताईंच्या पुस्तकांचे बळ त्यात आहे.

आपल्या मातीतील चित्रगोष्ट

चित्र दाखवून गोष्ट सांगणे ही पद्धत बाहेरून आली असे कोणी समजू नये. आपल्या पेडणे तालुक्याच्या शेजारीच सिंधुदुर्ग जिल्हा आहे. तेथील कुडाळ तालुक्यातील पिंगुळी गावात ठाकर समाजाने चित्रकथीची कला पिढ्यान्‌पिढ्या जपली आहे. कागदावर रामायण-महाभारतातील प्रसंगांची चित्रे काढलेली असतात. अशा चित्रांच्या संचाला पोथी म्हणतात. कथेकरी एकेक चित्र पुढे करतो आणि वाद्यांच्या साथीने गात-बोलत कथा सांगतो. या कलेसाठी पिंगुळीचे परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. चित्रकथीच्या पोथीत आणि मुलांच्या चित्रपुस्तकात मूळ कल्पना एकच आहे. ज्याला अक्षर येत नाही तोही कथेत सामील होतो.

मोरजीच्या मोरजाई मंदिरातील तांबड्या-पांढऱ्या रंगांची कावी चित्रे आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असतील. मराठी पुस्तकांची आणि दिवाळी अंकांची मुखपृष्ठे ज्यांनी गाजवली ते दीनानाथ दलाल १९१६ साली मडगावला जन्मले. चवथीच्या आधी गणपतीच्या चित्रशाळेच्या दारात तासन्‌तास उभी राहणारी मुले तर प्रत्येक वाड्यावर आहेत. चित्राची ओढ आपल्या मुलांमध्ये आहेच, ती शिकवावी लागत नाही. ती वाचनाशी जोडून देणे तेवढे आपल्या हातात आहे.

आपल्या शाळेला याची गरज का

आता मूळ प्रश्नाकडे येतो. आपल्या मुलांची घरची बोली पेडण्याची आणि शाळेची भाषा मराठी. दोन्ही एकमेकींच्या जवळच्या आहेत, पण एक नाहीत. पहिलीतील मूल घरी दिवसभर बडबडते आणि वर्गात आले की गप्प होते. कारण साधे आहे. आपण बोललो ते चुकेल अशी त्याला भीती वाटते.

पहिलीतील अशाच एका अबोल मुलाला बाईंनी चित्रांचे पुस्तक उघडून दिले. "काय दिसते ते सांग" एवढेच म्हटले. बराच वेळ तो पाहत राहिला आणि मग म्हणाला, "माजर दूद पिता." वर्गातील एकही मूल हसले नाही, कारण चित्रात तेच होते आणि सगळ्यांना ते दिसत होते. बाई म्हणाल्या, "बरोबर. मांजर दूध पिते." त्यानेही तसे म्हटले. मग मांजराच्या मागे दाराआड उभी असलेली मुलगी त्याने दाखवली, जी बाईंच्या लक्षातही आली नव्हती. त्या दिवशी तो दहा मिनिटे बोलला. अक्षरांच्या पाटीसमोर हे घडले नसते. चित्रासमोर घरची बोली चूक ठरत नाही. तिथून मराठीकडे जायला एक पायरी चढावी लागते, उडी मारावी लागत नाही.

माझे स्वतःचे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. घरी मराठी आणि वर्गात हिंदी असा तो प्रवास होता. त्यामुळे दोन भाषांच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या मुलाच्या मनात काय चालते याची मला थोडी कल्पना आहे. हिंदीत भोपाळहून १९८५ पासून 'चकमक' हे मुलांचे मासिक निघते. त्यात मुलांनी काढलेली चित्रे मानाने छापतात. मराठीत माधुरीताईंसारख्यांची पुस्तके आहेत. साधने दोन्हीकडे आहेत. ती मुलांच्या हातात पोहोचणे महत्त्वाचे.

गोव्यात मराठी प्राथमिक शाळांमधील पटसंख्येची चिंता सर्वांनाच आहे. भाषा टिकावी म्हणून सभा होतात, ठराव होतात, तेही आवश्यकच आहे. पण सहा वर्षांच्या मुलाला ठराव कळत नाही. ज्या भाषेतील पुस्तकात त्याला आपले घर, आपली आजी, आपली भीती आणि आपली गंमत दिसते ती भाषा त्याला आपली वाटते. तसे पुस्तक त्या वयात हाती आले नाही, तर पुढे मराठी त्याच्यासाठी केवळ एक विषय उरतो, पास होण्याचा.

पालकांनी काय करावे

यासाठी खर्च फार नाही, वेळ थोडा लागतो. काही सूचना देतो.

१. रोज रात्री जेवणानंतर १५ मिनिटे मुलाला जवळ घेऊन एक चित्रपुस्तक पाहा. दूरदर्शन संच आणि मोबाईल तेवढा वेळ बंद ठेवा.

२. आधी फक्त चित्रे पाहा, ओळी नंतर वाचा. "हे काय आहे?" एवढ्यावर थांबू नका. "ही अशी का बसली असेल?", "आता पुढे काय होईल?" असे विचारा. पान उलटण्याआधी थोडे थांबा.

३. मूल घरच्या बोलीत बोलले तर बोलू द्या. मध्येच दुरुस्ती करू नका. त्याचे बोलून झाले की तेच वाक्य आपण मराठीत म्हणा.

४. तेच पुस्तक मूल पुन्हापुन्हा मागेल. कंटाळू नका. दुसऱ्या वेळी त्याला चित्रात नवीन काही दिसते.

५. ज्यांना वाचता येत नाही अशा आजी-आजोबांनी मागे राहू नये. चित्र वाचायला अक्षर लागत नाही आणि गोष्ट सांगण्यात आजीचा हात कोण धरणार?

६. चवथीला माटोळी बांधून झाली की मुलाला तिचे चित्र काढायला सांगा. कोणते फळ कुठे बांधले ते त्याने सांगावे, आपण त्याच्या शब्दांत खाली लिहावे. घरच्या घरी पहिले चित्रपुस्तक तयार होईल.

७. वाढदिवसाला खेळण्याऐवजी एखादे चित्रपुस्तक द्या.

शाळेत दर शनिवारी शेवटची तासिका पहिली ते चौथीसाठी चित्रवाचनाची ठेवली आहे. पुस्तके कपाटात कुलूपबंद न ठेवता वर्गात दोरीवर लावलेली असतील. मुले ती घरीही नेऊ शकतील. पुस्तक फाटेल ही भीती बाळगू नका. फाटले तर मुलांकडूनच चिकटवून घेऊ. वापरून जीर्ण झालेले पुस्तक हे ग्रंथालयाचे भूषण आहे, नुकसान नव्हे.

पाचवीच्या पुढील विद्यार्थ्यांना एक काम देतो. तुमच्यापैकी ज्यांना चित्रकलेची आवड आहे त्यांनी आपल्या धाकट्या भावंडासाठी १६ पानांचे एक पुस्तक तयार करावे. विषय घरातलाच घ्या : गाय हरवली, पावसात शाळेला सुट्टी पडली, काजूच्या हंगामात आजीबरोबर बागेत गेलो. चित्र आधी, शब्द कमी. अशी पुस्तके वर्गशिक्षकांकडे द्यावीत. ती पहिली-दुसरीच्या दोरीवर इतर पुस्तकांच्या शेजारीच लावली जातील आणि त्यांवर लेखक आणि चित्रकार म्हणून तुमचे नाव असेल.

ज्या पालकांना शनिवारच्या तासिकेला येऊन मुलांना गोष्ट सांगायची आहे, त्यांनी आपले नाव कार्यालयात नोंदवावे. आपणा सर्वांचे मनःपूर्वक स्वागत आहे.

– मुख्याध्यापक